दोन भाते

कर्जतच्या पुढे, उल्हास नदीच्या अंगाला एका फार्महाउसच्या हिरवळीवर पाहुण्यांसाठी तिरंदाजीची सोय होती. पंधरा पावलांवर पेंढ्याचं लक्ष्य, त्यावर रंगीत वर्तुळं, आणि उभं राहायच्या जागी जमिनीत ठोकलेला प्लंबरचा पांढरा पाइप. त्या पाइपात सहा बाण, पिसांची बाजू वर. बाण हातात देणारा मुलगा जवळच्या कातकरी वाडीतला, विशी-बाविशीचा. मी उगाच शहाणपणा केला. ‘पाइप कशाला? भाता नाही का तुमच्याकडे?’

तो हसला. ‘भाता लोहाराकडं असतो ना, काका.’

मी त्याला सुधारायला तोंड उघडलं आणि मिटलं. शब्दाच्या कुळात लोहाराचा भाता परका नाही. सख्खा भाऊच तो, आणि बहुधा थोरला.

दोघांची आई संस्कृतातली ‘भस्त्रा’. भस्त्रा म्हणजे कातड्याची पिशवी, बस्स. आत काय भरायचं ते भरणाऱ्यानं ठरवावं. शतपथ ब्राह्मणात इंद्रानं रिकामा केलेला वृत्र कसा पडून राहिला हे सांगताना सातूचं पीठ झटकून टाकलेल्या भस्त्रेची उपमा दिली आहे. पाणिनीनं तर भस्त्रेतून माल वाहून नेणाऱ्यासाठी ‘भस्त्रिक’ हा शब्द साधायला सूत्रच करून ठेवलं. त्याच पिशवीला नळी लावून विस्तवाशी दाबली की वारा सुटतो, आणि तिचं तोंड उघडं ठेवून आत बाण उभे केले की शिकाऱ्याची सोय होते. प्राकृतात भस्त्रेची ‘भत्था’ झाली आणि मराठीत ‘भाता’. हिंदीनं पुढे वाटणी केली, विस्तवाची ‘भाथी’ आणि बाणांचा ‘भाथा’. मराठीनं ती तसदी घेतली नाही. आपल्याकडे लोहाराचा भाता, पेटीचा भाता, घाट चढून आल्यावर छातीचा होतो तो भाता आणि अर्जुनाचा भाता हे सगळे एकाच नावावर नांदतात. क्रीडापानावरचे वार्ताहर गोलंदाजाच्या भात्यात यॉर्कर घालतात तेव्हा त्यांच्या मनात पिशवी नसते, पण ती असते तिथे.

पिशवी कातड्याची असायची हे नुसतं व्युत्पत्तीचं अनुमान नव्हे. 1991 मध्ये आल्प्सच्या बर्फात सुमारे 5300 वर्षांपूर्वीचा माणूस सापडला, त्याचा भाता हरणाच्या कातड्याचा होता. आत 14 बाण होते आणि त्यांतले दोनच पुरे झालेले. बाकीच्या बारा नुसत्या काड्या. म्हणजे भाता हा शस्त्रागार जेवढा, तेवढीच कारागिराची अर्धवट कामाची पिशवीही.

वेदात भात्याला ‘इषुधि’ म्हटलं आहे. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात युद्धसामग्रीचं एक सूक्त आहे (पंचाहत्तरावं). त्यात पाठीवर बांधलेल्या भात्याला पुष्कळ लेकरांचा बाप ठरवलंय आणि रणात तो आवाज करतो याचंही कौतुक आहे. उलट महाभारतातल्या शकुंतलेच्या कथेत आकाशवाणी होते ती आईला नुसती भस्त्रा ठरवणारी, मूल म्हणे बापाचं. बाण पोटात घेतले तर बाप, मूल पोटात घेतलं तर पिशवी. असो.

भाता पाठीवर, हे चित्र आपल्या डोळ्यांत इतकं पक्कं बसलं ते मात्र वेदांमुळे नव्हे, कॅलेंडरांमुळे. रामाच्या उजव्या खांद्यामागून डोकावणारी पिसं घराघरांत पोचवायला छापखाने कारणीभूत झाले. त्यांतला राजा रविवर्म्याचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे बोरघाट चढून लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. कर्जतहून घाट चढला की पलीकडेच. 

घोडेस्वार तिरंदाज मात्र भाता कमरेला लटकवत. धावत्या घोड्यावर खांद्यामागे हात नेऊन बाण शोधण्यापेक्षा मांडीजवळून ओढणं सोपं. त्यांचा शब्द फारसी, ‘तरकश’, मुळात तीरकश. तो असा फिरला की फ्रेंचांच्या ‘कारक्वा’पर्यंत त्याचं नातं पोचतं. पण फेब्रुवारी 1661 मध्ये खालापूर तालुक्यातल्या उंबरखिंडीत मोगल सरदार कारतलबखानाची फौज शिवाजी महाराजांच्या कोंडीत सापडली. अशा खिंडीत शत्रू डोक्यावरच्या झाडीत असतो. कमरेला बाण कितीही असोत, ते सोडायचे कोणावर?

त्या मुलाला मी विचारलं, ‘तुमच्यात पूर्वी कशातून न्यायचे?’

‘आजा हातातच धरायचा. दोन नाहीतर तीन.’ त्यानं पाइपातले दोन बाण उचलून दाखवले. डाव्या मुठीत धनुष्य, त्याच मुठीत दांड्याला लागून बाण, टोकं जमिनीकडे. उजवा हात मोकळा, करवंदीची जाळी बाजूला सारायला.

‘जास्त लागले तर?’

‘पहिला चुकला की ससा थांबतोय काय?’

अर्जुनाला दोन अक्षय भाते मिळाले होते, वरुणाकडून, खांडववन जाळताना. जंगल जाळायचं असेल तर बाणांना अंत नको. जंगलात राहायचं असेल तर दोन-तीन पुरतात, आणि रणात शोभलेला तो भात्याचा आवाजही इथे चालत नाही. बाण एकमेकांवर आपटून खडखडले की जनावर उठलंच. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्याला फ्रेड बेअर या शिकाऱ्यानं धनुष्यालाच अडकवायचा भाता लोकप्रिय केला. त्यात बाण सुटे सुटे, चिमट्यात घट्ट धरलेले. आज्याची मूठ हेच काम करत होती. फरक एवढाच की सोडताना मूठ हलकी करता येते, अडकवलेल्या भात्याचं वजन धनुष्याचा तोल बिघडवतं. म्हणून सरावाला पुष्कळ जण तो काढून ठेवतात.

आता 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर हे सगळं सांगण्यापुरतंच. पण आज्याच्या हातात लोहाराचा भाता नव्हता असं मात्र नाही. खैराचा कात काढणारे म्हणून कातकरी. जंगलखात्यानं खैर हातचा काढून घेतल्यावर त्यांतले कितीतरी कोळशाच्या भट्ट्यांवर गेले, आजही वीटभट्टीवर जातात तसे. कोळसा लोहाराकडे, लोहाराचा भाता कोळशावर, आणि तापल्या लोखंडातून बाणाचं पातं निघायचं. लोहाराच्या भात्यावाचून दुसऱ्या भात्यात घालायला काही उरत नाही, नुसत्या काड्या.

सरावाच्या मैदानावर आज कमरेचा भाताच जिंकला आहे. 2023 मध्ये बर्लिनला साताऱ्याची आदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, अंतिम लढतीत 150 पैकी 149. त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळे 150 पैकी 150. लढतीत पाच फेऱ्या, फेरीला तीन बाण. जगज्जेत्यालाही एका वेळी आज्याइतकेच लागतात.

माझे सहा सोडून झाले. दोन लक्ष्यात, एक पेंढ्याच्या कडेला, तीन पलीकडच्या गवतात. छातीचा भाता झाला होता. मुलगा गवत पायानं सारत बाण शोधत होता, सापडेल तो डाव्या मुठीत धरत. पाचच मिळाले. ‘राहू दे,’ मी म्हणालो.

‘नको काका, मालक मोजतात,’ तो म्हणाला आणि पुन्हा वाकला.