शब्द आधी अंगणात येतो

धर्मशिक्षणाच्या वर्गात काही वर्षांपूर्वी घडलेला एक साधा प्रसंग आम्हांस अजून विसरता आलेला नाही. चौथीतल्या एका मुलीने खमिराचा दाखला खणखणीत आवाजात वाचून दाखविला. एकही अक्षर चुकले नाही. आम्ही शाबासकी दिली आणि सहज विचारले, "बाळ, खमीर म्हणजे काय गं?" मुलगी गप्प झाली. सारा वर्गच गप्प झाला. मग आम्ही विचारले, "रात्री आई पीठ भिजवून ठेवते, ते सकाळी फुगून वर आलेले पाहिले आहे का?" त्याबरोबर दहा हात वर झाले. वस्तू मुलांच्या स्वयंपाकघरात होती. शब्द तेवढा परका होता. आणि इतकी वर्षे आम्ही स्पष्ट उच्चारालाच वाचन समजत आलो होतो, हेही त्या दिवशी ध्यानात आले.

उच्चार म्हणजे वाचन नव्हे, हे सांगणारी माणसे आमच्या कितीतरी आधी होऊन गेली. ६ जानेवारी १९०७ रोजी, प्रभुप्रकटीकरणाच्या सणादिवशी, रोम शहरातील सान लोरेन्झो या गरीब कामगारवस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. तेथे मूल प्रथम वस्तू हाताळी आणि मग तिला नाव मिळे. सेगँ या फ्रेंच वैद्याकडून त्यांनी तीन पायऱ्यांचा पाठ घेतला होता. "हे खरखरीत, हे गुळगुळीत," ही पहिली पायरी. "मला खरखरीत दे," ही दुसरी. "हे कसे आहे?" ही तिसरी. शब्द असा बोटांतून मनात उतरत असे.

वाचनाविषयीचा त्यांचा अनुभव तर मोठा बोलका आहे. खेळण्यांची नावे लिहिलेल्या चिठ्ठ्या त्यांनी तयार केल्या. जो चिठ्ठी वाचील त्याने ते खेळणे घेऊन खेळावे, असा बेत होता. मुलांनी खेळणी बाजूला ठेवली आणि चिठ्ठीमागून चिठ्ठी मागू लागली! पुढे चिठ्ठीवर एखादी कृती लिहिलेली असे. मूल ती मनात वाची आणि उठून तसे करी. अर्थ कळला की नाही हे विचारण्याची गरजच उरत नसे.

हा विचार आपल्या बाजूला आणणाऱ्यांत वकिली सोडून शिक्षक झालेले गिजुभाई बधेका अग्रणी होते. १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केले. मुलांना आधी गोष्टी ऐकू द्याव्यात, पुस्तक मागाहून येईल, असा त्यांचा आग्रह. ज्या मुलाच्या कानांत शब्दांची शिदोरी नाही, त्याच्या डोळ्यांपुढे अक्षरे मांडून काय उपयोग? मुंबईच्या ताराबाई मोडक येथेच त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढले.

परंतु शहरातल्या सुखवस्तू घरांतील मुलांवर त्यांचे मन थांबले नाही. १९४५ साली त्या डहाणू तालुक्यातील बोर्डीस आल्या. आमच्या वसईच्या उत्तरेस, याच किनाऱ्यावर हे गाव आहे. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस आल्या. बालवाडी उघडली, पण मुले येईनात. तेव्हा या दोघींनी बालवाडीच मुलांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. परदेशी धर्तीची महागडी साधने परवडणारी नव्हती. त्यांची जागा शिंपल्यांनी, बियांनी, पानाफुलांनी, खड्यांनी घेतली. गरिबीमुळे झालेला हा बदल मुलांच्या पथ्यावरच पडला. ज्या वस्तू त्यांच्या रोजच्या खेळातल्या होत्या, त्याच आता मोजण्याच्या आणि नाव घेण्याच्या झाल्या.

पुढे काम कोसबादच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेले. गुरे राखणारी मुले शाळेत कशी येणार? तर शाळा कुरणात गेली, आणि कुरणशाळा हा नवा शब्द मराठीला मिळाला. ताराबाई १९७३ साली निवर्तल्या, अनुताई १९९२ साली. दरम्यान २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. नाव देशभर गेले. त्यामागचे मर्म तितके गेले का, हा प्रश्न उरतोच. २०१८ च्या 'असर' अहवालानुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या जवळजवळ निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नव्हता.

येथे आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. आमच्या धर्मग्रामात घरोघरी सामवेदी बोलतात, शेजारी वाडवळी बोलतात. तरुणपणी, सेमिनरीतून नुकतेच बाहेर पडलो असताना, आम्ही आईबापांना उपदेश करीत असू, "मुलांशी घरी शुद्ध मराठीच बोला, नाहीतर ती शाळेत मागे पडतील." हेतू चांगला होता, सल्ला चुकीचा होता. ज्या आईला पुस्तकी मराठी ओठांवर आणणे जड जात होते, तिने मुलाशी बोलणेच कमी केले. गोष्ट थांबली, गाणे थांबले. पुस्तकी शब्द आले नाहीत ते नाहीतच, आणि घरचे होते तेही गेले. आता तोच उपदेश इंग्रजीचे नाव घेऊन पुन्हा घरात शिरला आहे.

इतिहास आम्हांस उलटे शिकवितो. मूल ज्या बोलीत रडते, हट्ट करते, तिच्यातच त्याला भरभरून बोलू द्यावे. बावखल दाखवून बावखल म्हणावे. बरीचशी बुजली, पण जी उरली आहेत ती तरी दाखवावीत. रहाट काय होता, सुकेळी कशी वाळवितात, हे आजीने सांगावे. त्याच्या शेजारी शाळेतला शब्द ठेवावा. घरच्या शब्दाला हाकलून नव्हे. रोज दहा मिनिटे मुलाला वाचून दाखवावे आणि मध्येच थांबून विचारावे, "आता पुढे काय होईल, तुला काय वाटते?" उत्तर चुकले तरी चालेल. जे मूल पुढचे ओळखू पाहते, ते समजून ऐकत असते.

आमच्या वर्गात आता दाखला वाचण्याआधी वस्तू येते. खमिराच्या दिवशी एक आई आंबवलेल्या पिठाचे पातेले घेऊन आली. मुलांनी वास घेतला, बोटे बुडविली, हसली. मग पुस्तक उघडले. त्या दिवशी वाचताना दोघेतिघे अडखळले खरे; पण अर्थ मात्र कोणालाच विचारावा लागला नाही.