खबऱ्याचा मुलगा

राजौरीच्या पोस्टिंगमध्ये एका हिवाळ्यात मेसमध्ये ‘पॅरडाइज नाऊ’ पाहिला. हानी अबू-असद यांचा २००५ सालचा पॅलेस्टिनी चित्रपट. सईद आणि खालेद हे नाब्लुसचे बालमित्र, गॅरेजमध्ये काम करणारे. १९६७ च्या युद्धात इस्रायलने हा प्रदेश घेतला. २००२ मध्ये रणगाडे पुन्हा शहरात शिरले. तेल अवीवमधल्या आत्मघाती हल्ल्यासाठी या दोघांची निवड होते.

सुरुवातीला खालेद जास्त जोशात असतो. पण शेवटी माघार घेतो तोच, सईद नाही. याचं कारण सईदच्या बापात आहे. १९८७ ते १९९३ च्या पहिल्या इंतिफादात इस्रायलचे खबरी म्हणून शेकडो पॅलेस्टिनींना त्यांच्याच लोकांनी मारलं. चित्रपटातला सईदचा बापही असाच मारला गेलेला. तो कलंक धुवायला पोरगा निघतो. बापाच्या अडचणीचा फायदा घेणाऱ्यांवरचा राग वेगळाच.

शेवटच्या दृश्यात तो सैनिकांनी भरलेल्या बसमध्ये बसलेला दिसतो. त्या सैनिकांच्या वयाची पोरं माझ्या कंपनीत होती. त्यामुळे सईदचं समर्थन मी करूच शकत नाही.

पण त्या रात्री झोप आली नाही. आम्हीही खबरीवरच चालतो. खबर खरी निघाली की आमचं काम झालं. पलटण दोन-तीन वर्षांनी हलते. खबर देणारा त्याच गावात राहतो आणि त्याचा मुलगा त्याच शाळेत जातो.

त्या मुलाचा विचार मी तोवर कधीच केला नव्हता.