टेबलापुरती जागा

विलायतेत शास्त्रसंशोधनास जाणे म्हणजे पैशाची बाब, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. हिंगणीत काय आणि वर्ध्यात काय, कोणालाही विचारा, तो आधी प्रवासभाडे मोजू लागेल. पण जुन्या हकिकती पाहिल्या म्हणजे आम्हांस असे दिसते की, पैशाची तजवीज झाल्यावरही खरी अडचण उरतेच. प्रयोगशाळेत काम करावयास एक टेबल लागते, आणि ते दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात असते.

कमलाबाई सोहोनींचेच पाहा. या पूर्वाश्रमीच्या भागवत, दुर्गाबाईंच्या भगिनी. १९३३ साली मुंबईची पदवी घेऊन त्या बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटकडे गेल्या, तेव्हा बाईला प्रवेश नाही, असे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी सांगितले. वडील व चुलते त्याच संस्थेत शिकलेले. त्याचाही उपयोग झाला नाही. मुलगी हटून बसली, तेव्हा एक वर्ष काम पाहू, या अटीवर तिला घेतले. दुधातील व कडधान्यांतील प्रथिनांवरचे तिचे काम पाहून रामन यांचे मत पालटले. एवढ्या मोठ्या माणसाने मत पालटले, हेही त्यांच्या मोठेपणाला शोभण्यासारखेच होय.

पुढे केंब्रिज. तेथे जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल नोबेल मिळविलेले हॉपकिन्स होते. पण प्रवेशाची मुदत टळलेली आणि जागा भरलेल्या. तेव्हा एका संशोधकाने दिवसा आपले टेबल तिला देऊन स्वतः रात्री काम करण्याची तयारी दाखविली, असे सांगतात. नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असते, हे तिने दाखविले. १९३९ साली पीएच.डी. मिळाली, प्रबंध अवघा चाळीसेक पानांचा! प्रबंध वजनावर तोलणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

डॉक्टरेटनंतर जाणारांची वाटही याहून फारशी निराळी नाही. रघुनाथ माशेलकर १९६९ साली मुंबईची डॉक्टरेट घेऊन इंग्लंडात सॅलफर्डला गेले आणि १९७६ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत परतले. आज जर्मनीची हुंबोल्ट वृत्ती आहे, युरोपीय संघाची मारी क्यूरींच्या नावाची वृत्ती आहे. दोहोंसाठी तेथला एखादा प्राध्यापक आधी राजी असावा लागतो. म्हणून आमच्या तरुणांनी छापील अर्ज भरण्यापूर्वी त्या प्राध्यापकाचे निबंध वाचावेत, आपण त्यांत काय भर घालू शकतो ते अर्ध्या पानात लिहून त्याला पत्र धाडावे. नुसत्या गुणपत्रिकांनी टेबल रिकामे होत नाही.

कमलाबाई १९३९ सालीच परतल्या. पुढे मुंबईच्या विज्ञानसंस्थेत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेवर संशोधन केले. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाने ताडगुळाचा पुरस्कार केला, तो गांधीजींच्या श्रद्धेवर. त्याच नीरेत व गुळात जीवनसत्त्वे आणि लोह किती, हे केंब्रिजला शिकून आलेल्या बाईने मोजून दाखविले, आणि आदिवासी मुलांना व गरोदर स्त्रियांना ती देऊन प्रकृती सुधारते, हेही पाहिले.