स्क्लेरोडर्मा आणि मातृत्व

'सिस्टेमिक स्क्लेरोसिस' अर्थात स्क्लेरोडर्मा या विकाराचे निदान झालेल्या स्त्रीला १९८०च्या दशकापर्यंत डॉक्टरांकडून बहुधा एकच सल्ला मिळे, तो म्हणजे मूल होऊ देऊ नये. दिवस गेलेच असतील, तर गर्भपाताकडे कल असे. गरोदरपणात मूत्रपिंडे अचानक निकामी होऊन माता दगावल्याची जी थोडी प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली होती, त्यांवर हा सल्ला उभा होता. सुखरूप बाळंतपणाची बातमी नियतकालिकांपर्यंत सहसा पोहोचत नाही, हे तेव्हा फारसे कोणी लक्षात घेतले नाही.

या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःवरच उलटते. त्वचा जाड व ताठ होते, सूक्ष्म रक्तवाहिन्या अरुंद होतात आणि पुढे फुफ्फुसे, हृदय, मूत्रपिंडे, अन्ननलिका यांनाही झळ पोहोचू शकते. थंडीने बोटे पांढरी-निळी पडणे ही बहुतेकदा पहिली खूण. पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण कित्येक पट अधिक असून तो बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान डोके वर काढतो. शहरांत पहिले मूल लांबणीवर पडू लागल्याने निदान आधी आणि मातृत्वाचा प्रश्न नंतर, असा क्रम होण्याची शक्यता वाढली आहे.

जुन्या सल्ल्याला पहिला मोठा छेद दिला तो अमेरिकेतील डॉ. व्हर्जिनिया स्टीन यांच्या पाहणीने. पिट्सबर्ग येथे ५९ स्त्रियांच्या ९१ गरोदरपणांचा त्यांनी मागोवा घेतला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनुसार आपोआप गर्भपात होण्याचे प्रमाण सर्वसाधारण स्त्रियांहून वाढलेले नव्हते. अपवाद होता तो दीर्घकाळ सर्वांगी प्रकारचा विकार असलेल्या स्त्रियांचा. मात्र २९ टक्के प्रसूती अपुऱ्या दिवसांत झाल्या. इटलीतील २५ केंद्रांनी ९९ स्त्रियांच्या १०९ गरोदरपणांचा जो अभ्यास २०१२ मध्ये मांडला, त्यातही असेच चित्र दिसले. अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचे प्रमाण २५ टक्के (सर्वसाधारण स्त्रियांत १२), ३४ आठवड्यांपूर्वीच्या प्रसूतीचे १० टक्के (सर्वसाधारण स्त्रियांत ५), तर गर्भाची वाढ खुंटण्याचे ६ टक्के (सर्वसाधारण स्त्रियांत १) होते. बहुसंख्य मातांचा मूळ विकार मात्र स्थिर राहिला. रक्तवाहिन्यांचा दोष वारेपर्यंत पोहोचला, की बाळाचे पोषण अपुरे पडते. त्यामुळे बाळ लहान किंवा लवकर जन्मण्याची भीती खरी. पण आई होणे अशक्य, हा समज खरा नव्हे.

सर्वाधिक धास्ती आहे ती मूत्रपिंडांच्या आकस्मिक संकटाची. सर्वांगी प्रकारच्या विकाराची पहिली चार-पाच वर्षे त्यासाठी विशेष धोक्याची असतात. रक्तदाब एकाएकी चढतो आणि मूत्रपिंडांचे कार्य झपाट्याने ढासळते. गरोदरपणात हे चित्र 'प्री-एक्लॅम्प्सिया'सारखेच भासते आणि खरी अडचण तेथेच आहे. प्री-एक्लॅम्प्सिया प्रसूतीनंतर बहुधा ओसरतो. हे संकट ओसरत नाही. त्यावर गुणकारी ठरतात ती 'एसीई इन्हिबिटर' गटातील औषधे. स्टीन यांच्याच १९९० मधील अहवालानुसार या औषधांमुळे अशा संकटातील रुग्णांचे एक वर्ष जगण्याचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ७६ टक्क्यांवर गेले. हीच औषधे गर्भाच्या मूत्रपिंडांना घातक असल्याने एरवी गरोदरपणात वर्ज्य आहेत. तरीही मातेचा जीव धोक्यात असताना ती द्यावीत, असेच अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. स्टिरॉइडची मोठी मात्रा या संकटाला आमंत्रण देऊ शकते, म्हणून ती जपूनच वापरावी लागते.

फुफ्फुसांच्या धमन्यांतील रक्तदाब वाढलेला असेल, तर मात्र जुना नकार आजही कायम आहे. अशा गरोदरपणात मातामृत्यूचा धोका इतका मोठा असतो, की तज्ज्ञ गर्भधारणा टाळण्याचाच स्पष्ट सल्ला देतात. तेव्हा निर्णयापूर्वी हृदयाची सोनोग्राफी, फुफ्फुसांच्या चाचण्या आणि मूत्रपिंडांची तपासणी यांना पर्याय नाही. रक्तात 'अँटी-रो' प्रतिपिंडे आहेत का, हेही पाहावे लागते, कारण त्यांमुळे क्वचित बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावतात.

मायकोफेनोलेट, मेथोट्रेक्सेट, सायक्लोफॉस्फमाइड, बोसेंटन ही औषधे गर्भाला अपायकारक आहेत. ती आधीच थांबवून, विकार स्थिर राहतो का हे काही महिने पाहूनच पुढचे पाऊल टाकणे इष्ट. म्हणजे दिवस गेल्यावर डॉक्टर गाठण्यापेक्षा त्याआधी गाठणे अधिक मोलाचे.

प्रसूतीची तयारीही निराळी असते. तोंड पुरेसे उघडत नसल्याने पूर्ण भूल देताना नळी घालणे अवघड जाते, ताठ त्वचेतून शीर सापडत नाही. त्यामुळे भूलतज्ज्ञांनी अशा स्त्रीला आधीच तपासून ठेवणे आवश्यक असते. खोली आणि सलाईन ऊबदार ठेवावे लागते. गरोदरपणात रक्तप्रवाह वाढल्याने बोटांचा त्रास कमी झालेला असतो. प्रसूतीनंतर तो परततो. मूत्रपिंडांचे संकटही याच काळात उद्भवू शकते, म्हणून बाळंतीण घरी गेल्यावरही काही आठवडे तिच्या रक्तदाबाची नियमित नोंद ठेवण्यास सांगितले जाते.