आठ तासांचा रस्ता

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय कोपऱ्यात व्हिक्टोरिया नावाचे राज्य आहे. तेथे जाणारे हौशी प्रवासी बहुधा एकच फेरी करतात. मेलबर्न शहर पाहावयाचे, मोटारीने बॅलराट गाठावयाचे, तेथून जिलाँग बंदराकडे वळावयाचे आणि मग समुद्राच्या कडेकडेने 'ग्रेट ओशन रोड' या रस्त्याने पश्चिमेकडे जावयाचे. या सफरीत डोळ्यांचे पारणे फिटते, यात शंका नाही. परंतु ज्याचे आयुष्य कामगारांत गेले आहे, त्याला देखाव्याच्या मागे आणखी काही दिसते. ही सारी ठिकाणे एका धाग्याने ओवलेली आहेत, आणि तो धागा श्रमाचा आहे.

काळाच्या क्रमाने बॅलराट पहिले. १८५१ साली तेथे सोने सापडले आणि जगभरची माणसे कुदळ-फावडे घेऊन धावली. सोने लागो वा न लागो, सरकार प्रत्येक खोदणाऱ्याकडून महिना ३० शिलिंग परवान्याचे घेई. पोलीस परवाने तपासण्यासाठी माणसांची शिकार करावी तसे फिरत. कर द्यावयाचा, पण मत मात्र नाही! अखेर पीटर लेलर या आयरिश तरुणाच्या पुढारीपणाखाली खाणवाल्यांनी युरेका येथे लाकडांचे कुंपण उभारले. ३ डिसेंबर १८५४ च्या पहाटे सैन्याने हल्ला केला. वीसहून अधिक खाणवाले मेले. लेलरचा एक हात गेला. लढाई थोड्याच वेळात संपली, ती सरकारने जिंकली. पण पुढे काय झाले? राजद्रोहाच्या आरोपाखाली उभे केलेले १३ जण ज्यूरीने निर्दोष सोडले. १८५५ साली परवाना गेला, त्याऐवजी वर्षाला एक पौंडाचा दाखला आला आणि त्याबरोबर मताचा हक्क आला. तोच लेलर १८८० साली विधानसभेचा सभापती झाला.

आता मेलबर्न. सोन्यामुळे शहर वाढत होते, इमारती उठत होत्या, आणि कसबी पाथरवट मिळत नव्हते. आपली गरज आहे हे ज्या कामगाराला कळते, त्याच्या शब्दाला वजन येते. २१ एप्रिल १८५६ रोजी विद्यापीठाच्या बांधकामावरील पाथरवटांनी हत्यारे खाली ठेवली आणि ते मिरवणुकीने पार्लमेंटच्या इमारतीकडे निघाले. मागणी सरळ होती: आठ तास काम, आठ तास विश्रांती, आठ तास स्वतःचे. रोज न कापता बांधकामाच्या धंद्यात ती मान्य झाली. त्या शहरात ट्रेड्स हॉलसमोर तीन आठांचे स्मारक आज उभे आहे.

मुंबईतील पहिली कापडगिरणी युरेकाच्याच साली, १८५४ मध्ये, स्थापन झाली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने गिरणीकामगारांना आठवड्याची सुटी मिळाली ती १८९० साली; आणि आठवड्याचे ४८ तास कायद्यात आले ते १९४६ साली, म्हणजे त्या पाथरवटांनंतर ९० वर्षांनी.

जिलाँग सोडले की टॉर्कीपासून तो किनाऱ्याचा रस्ता सुरू होतो. एका बाजूला ऑटवेचे डोंगर, दुसऱ्या बाजूला खवळलेला समुद्र. याच किनाऱ्यावर १८७८ साली 'लॉक आर्ड' जहाज फुटले; ५४ पैकी दोघेच वाचले. पुढे 'बारा प्रेषित' नावाचे चुनखडीचे सुळके आहेत. ते बारा कधीच नव्हते, आणि २००५ साली त्यांतील एक कोसळला. समुद्र आपले काम थांबवीत नाही.

पण हा सुमारे २४० किलोमीटरचा रस्ता केला कोणी? पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे ३,००० सैनिकांनी. जिलाँगचे नगराध्यक्ष हॉवर्ड हिचकॉक यांनी निधी उभारला, १९१९ साली काम सुरू झाले, १९३२ साली संपले. सुरुंग, कुदळ, फावडे, घोड्यांच्या गाड्या, आणि राहावयास तंबू. काहींनी युद्धातून वाचवून आणलेला जीव या कड्यांवर गमावला. मृत सोबत्यांचे स्मारक म्हणून हा रस्ता बांधला गेला. ईस्टर्न व्ह्यू येथे लाकडी कमान आहे. या माणसांचा रोज साडेदहा शिलिंग होता, आणि कामाचा दिवस आठ तासांचा. पाथरवटांनी मिळविलेले आठ तास कड्यावरच्या तंबूपर्यंत पोहोचले होते!

येथे टाळ्या वाजवून थांबणे सोपे आहे. परंतु इतिहासाची दुसरी बाजू लपवणे म्हणजे चळवळीशी बेइमानी. ज्या साली बॅलराटच्या खाणवाल्यांना मत मिळाले, त्याच १८५५ साली व्हिक्टोरियाने येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंडांचा कर बसविला. बॅलराटची भूमी मूळची वडावुरुंग लोकांची; सोन्याच्या लोंढ्यात त्यांना कोणी विचारले नाही. आठ तासांसाठी इतर धंद्यांना आणि स्त्री-कामगारांना कितीतरी वर्षे थांबावे लागले. आपण आत शिरलो की मागचे दार लावून घ्यावयाचे, हा रोग मालकांचाच आहे असे नाही. तो आपल्यातही शिरतो. कायम कामगार आणि कंत्राटी कामगार एकाच दारातून आत जातात तेव्हा ही गोष्ट विसरू नये.

प्रवास अवश्य करावा. किल्ला पाहावा, देऊळ पाहावे, समुद्र पाहावा. पण पायाखालचा रस्ताही पाहावा, आणि विचारावे: तो बांधणाऱ्याचा दिवस किती तासांचा होता, आणि त्या हिशेबातून कोणाला वगळले होते?