मांजरांना पिसवांच्या औषधाची बाधा

पिसवांचे औषध लावल्यानंतर मांजर आजारी पडल्यास औषधाचे नाव, मात्रा, मांजराचे वजन आणि लक्षणे सुरू झाल्याची वेळ प्रथम नोंदवावी. औषध चाटल्याने थोडा वेळ लाळ गळणे किंवा लावल्या जागी खाज येणे बहुधा सौम्य असते. थरथर, स्नायू फडफडणे, तोल जाणे वा झटके मात्र विषबाधा सुचवतात. कुत्र्यांच्या औषधांतील परमेथ्रिन हे तिचे प्रमुख कारण. मांजराचे यकृत ते पुरेशा वेगाने निष्प्रभ करू शकत नाही. घरातील कुत्र्याला ते लावले होते का, हेही पाहावे; त्याच्या अंगाला घासूनही बाधा होते. लक्षणे बहुधा काही तासांत, क्वचित दोन-तीन दिवसांनी दिसतात. मांजर शुद्धीत असल्यास अंग कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुवावे. झटके येत असल्यास वेळ न दवडता औषधाच्या वेष्टनासह पशुवैद्यकाकडे न्यावे.