मिक्सर आणि घरगुती ध्वनिमुद्रण

मिक्सर हे अनेक माइक आणि वाद्ये एका जागी आणून प्रत्येकाचा आवाज वेगळा कमीजास्त करणारे यंत्र. ते संगणकातल्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडले की राहत्या घरातल्या खोलीतही भजन, भारूड, भीमगीत किंवा कव्वाली नीट मुद्रित होऊ शकते. छत्रपती संभाजीनगरात मिक्सर घरी येतो तो बहुधा कार्यक्रमांच्या वाटेने. एखाद्या भजनी मंडळाने किंवा ऑर्केस्ट्राने स्टेजसाठी घेतलेला असतो, आणि पुढे कोणीतरी त्याला लॅपटॉप लावून पाहतो. अडचणी तिथूनच सुरू होतात, कारण स्टेजची जोडणी आणि रेकॉर्डिंगची जोडणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आवाजांचा मेळ कसा साधावा हा विचार या परिसराला नवा नाही. शहरापासून सुमारे १५ किलोमीटरवरच्या देवगिरीत, यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने, शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. गायक-वादकांच्या वृंदाचे उत्तम, मध्यम आणि कनिष्ठ असे प्रकार पाडून मुख्य गायक किती, साथीचे गायक किती, बासरी आणि मृदंग किती, याचे प्रमाण त्याने दिले आहे. कोणाचा आवाज पुढे आणि कोणाचा मागे, हा आजच्या फेडरचा, म्हणजे मिक्सरवर आवाज कमीजास्त करणाऱ्या सरकत्या खुंटीचा, प्रश्न तेव्हा माणसांच्या संख्येने सोडवला जात होता. एमजीएम परिसरातील महागामी गुरुकुल आज शार्ङ्गदेवाच्या नावाने समारोह भरवते.

घरगुती मुद्रण सोपे झाले ते मात्र मिक्सर आणि रेकॉर्डर एकाच पेटीत आल्यावर. टिअ‍ॅक कंपनीच्या १९७९ च्या ‘पोर्टास्टुडिओ १४४’ मध्ये साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घेता येत. पुढे क्युबेस (१९८९) आणि प्रो टूल्स (१९९१) आले आणि टेपचे काम संगणकाकडे गेले. रीपर किंवा फुकट मिळणारे ऑडॅसिटी आज साध्या लॅपटॉपवरही चालते.

जोडणीपूर्वी एकच प्रश्न नीट विचारावा: यूएसबीच्या वायरमधून संगणकात नक्की काय जाते? यामाहा एमजी१०एक्सयू यासारख्या लहान मिक्सरमधून फक्त डावे-उजवे असे तयार मिश्रण जाते. म्हणजे गायक, हार्मोनियम, पखवाज सगळे एकत्र मिसळून. वर दिलेला इकोही त्यातच मुरतो आणि नंतर काढता येत नाही. याउलट साउंडक्राफ्टचा सिग्नेचर १२ एमटीके किंवा बेहरिंगरचा एक्सआर१८ प्रत्येक चॅनेल वेगळा पाठवतो. एक्सआर१८ मधून एकाच वेळी १८ ट्रॅक जातात. खोक्यावर ‘यूएसबी’ लिहिलेले दोन्हीकडे असते. घेणाऱ्यांची सर्वाधिक फसगत इथे होते. दुकानात विचारायचे ते एवढेच, की यूएसबीवर किती चॅनेल वेगळे मिळतात.

दोनच वाटा देणारा मिक्सर हाताशी असेल तरी निराश व्हायला नको. गायकाचा पॅन पूर्ण डावीकडे आणि हार्मोनियम-पखवाजाचा पूर्ण उजवीकडे फिरवावा, मिक्सरचा इको बंद ठेवावा, आणि सॉफ्टवेअरमध्ये स्टिरिओ ट्रॅकऐवजी दोन मोनो ट्रॅक उघडून एकाला डावे, दुसऱ्याला उजवे इनपुट द्यावे. आता आवाज एका ट्रॅकवर आणि साथ दुसऱ्यावर. मागाहून गायकाला पुढे काढता येते, इको फक्त त्यालाच देता येतो. ऐकताना एका कानात गायक आणि दुसऱ्या कानात पेटी असे विचित्र वाटते, त्याकडे दुर्लक्ष करावे.

यूएसबी नसलेल्या जुन्या मिक्सरसाठी त्याचा आवाज संगणकात नेणारा वेगळा ऑडिओ इंटरफेस लागतो. चॅनेलमागे ‘डायरेक्ट आउट’ असेल तर तिथून वायर काढावी. नुसता ‘इन्सर्ट’ असेल, तर बऱ्याच मिक्सरमध्ये मोनो जॅक पहिल्या ‘टक्’पर्यंतच घातला की सिग्नल बाहेर मिळतो आणि मिक्सरमधली वाटही तुटत नाही.

नव्याने जोडणाऱ्याला हमखास भेटणारे संकट म्हणजे फेरा. संगणकातून परत येणारा आवाज मिक्सरच्या मुख्य मिश्रणात मिसळला आणि तेच मिश्रण यूएसबीने पुन्हा संगणकात गेले, की जुना ट्रॅक नव्या ट्रॅकवर चढतो. सॉफ्टवेअरमधले इनपुट मॉनिटरिंग, म्हणजे येणारा आवाज लगेच परत ऐकवणे, चालू असेल तर शिट्टीच बसते. परतीचा आवाज फक्त हेडफोनकडे पाठवणारे बटण असले तर ते दाबावे, मुख्य मिश्रणाकडचे सोडावे आणि इनपुट मॉनिटरिंग बंद करावे.

हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येणे ही लेटन्सी. ४८ किलोहर्ट्‌झवर बफर, म्हणजे संगणक आवाजाचा जेवढा तुकडा साठवून मग पुढे देतो तो, १,०२४ सॅम्पल असेल तर एकट्या बफरचा उशीर २१ मिलिसेकंद होतो. १२८ वर आणला की तो तीनच्या आत येतो. विंडोजवर त्यासाठी मिक्सरच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर टाकावा लागतो. इथेच मिक्सरचा खरा फायदा दिसतो: गायकाला त्याचा आवाज संगणकाच्या फेऱ्याविना, थेट मिक्सरमधूनच ऐकवता येतो. सात-आठ जणांचे मंडळ एकदम गात असेल तर एवढ्यासाठीही मिक्सर ठेवावा.

हमिंगची कारणे बहुतेकदा घरच्या वायरिंगमध्ये सापडतात. मिक्सर एका बोर्डावर आणि लॅपटॉप दुसऱ्या बोर्डावर असला की अर्थिंगमधून ५० हर्ट्‌झची घूंऽऽ शिरते. सगळे एकाच बोर्डावर घ्यावे, बॅलन्स्ड वायरी वापराव्यात. तिसरी पिन कापून टाकण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. तो जिवावर बेतू शकतो, कधीही करू नये. वीज गेल्यावर साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर काम रेटले तर वेगळीच खरखर येते. लॅपटॉप बॅटरीवर चालवून आवाज थांबतो का ते पाहावे, म्हणजे दोष कुठे आहे ते कळते.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तरी टेक चालू असताना पंखा बंदच हवा. स्लॅबच्या खोलीतला घुमारा भिंतीला लावलेल्या गाद्या-गोधड्यांनी बराच मरतो. पातळी ठरवताना गायकाने गुणगुणून भागत नाही. सगळ्यांनी शेवटच्या द्रुत लयीतला गजर करावा आणि तेव्हाही सॉफ्टवेअरमधला काटा उणे १२ डेसिबलच्या आसपासच राहील इतकाच गेन द्यावा. टाळांचा ठोका काटा फेकतो, म्हणून ही काळजी. एक माइक आपल्या गायकापासून जितका दूर, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माइकांमध्ये असावे. आणि भजनावर किंवा कव्वालीवर मेट्रोनोम लादू नये. तिथली लय चढतच जाते, तोच त्या गाण्याचा प्राण आहे.

काही फेडरपेट्यांमधून आवाज जातच नाही. मॅकी कंट्रोलसारखे यंत्र सॉफ्टवेअरमधले फेडर बोटांनी हलवण्यापुरते असते. ते मिक्सर समजून घेऊ नये.

एकट्याने गाणाऱ्याला किंवा कथाकथन करणाऱ्याला दोन इनपुटांचा इंटरफेस पुरतो, मोठ्या मिक्सरचा खर्च त्याने टाळावा. १४ जानेवारीचा मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार दिन किंवा १४ एप्रिलची डॉ. आंबेडकर जयंती यांसाठी नवी गाणी बसवणारे गायनपथक असो की नाथषष्ठीला पैठणला जाणारे भजनी मंडळ, त्यांनी मात्र प्रत्येक चॅनेल वेगळा देणाराच मिक्सर घ्यावा. ८ ट्रॅक, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्‌झ या हिशेबाने तासाभराच्या गाण्याला सुमारे ४ जीबी जागा लागते. मूळ ट्रॅकांची एक प्रत लॅपटॉपवर आणि दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर, दुसऱ्या घरात ठेवावी.